चौथ्या मजल्यावरचा लाल दोरा

मुकत्तम डोंगराच्या उतारावरील त्या वस्तीत दिवस उगवतो तो गाड्यांच्या घरघरीने. कैरोच्या निरनिराळ्या भागांतून कचरा भरून आलेल्या त्या गाड्या अरुंद चढणीवरून अंग चोरीत वर येतात, एकेका घराच्या तळमजल्याशी आपला भार रिता करतात, आणि मग त्या भाराच्या कडेला घरातील स्त्रिया पाय पसरून बसतात. नगराने नकोसे म्हणून जे जे टाकले, त्याला येथे पुन्हा एकवार नाव मिळते. हा कागद, हा पुठ्ठा, हा पत्रा, हे पांढरे प्लास्टिक, हे रंगीत, ही चिंधी. आणि उष्टेखरकटे असेल ते मागच्या खुराड्यातील डुकरांचे. शेजारच्या घरात प्लास्टिक दळणारे यंत्र दिवसभर खडखडत असते. त्या आवाजाची सवय इतकी जडलेली, की ते थांबले म्हणजेच माणसे दचकून मान वर करतात.

रिफ्का या कामाला बसण्यापूर्वी नित्य क्रूसाची खूण करीत असे. तिच्या उजव्या मनगटाच्या आतील बाजूस बालपणी गोंदलेला लहानसा निळा क्रूस होता, आणि त्याच्या किंचित खालून निघून तळहात ओलांडीत करंगळीच्या मुळाशी जाणारा एक जुना व्रण होता. ती करंगळी मिटत नसे. मूठ वळली तरी ती एकटीच उभी राही.

थोरला मुलगा वीसा अंगावर पीत होता, त्या काळातील ही जखम. मनियल भागातील एका इमारतीची पिशवी उघडताना आतील फुटक्या काचेने तिचा हात उभा चिरला, आणि एक संपूर्ण हिवाळा ती ढिगापाशी बसू शकली नाही. हात हेच जिचे उपजीविकेचे साधन, तिच्यावर ते केवढे संकट! त्या इमारतीच्या मागील अंगास लोखंडाचा एक गोल जिना आहे. प्रत्येक मजल्याचे स्वयंपाकघर त्या जिन्यावर उघडते. कचरा नेणाऱ्याने त्या जिन्याने चढावे, उंबऱ्याबाहेर ठेवलेली पिशवी उचलावी, दार ठोठावू नये, आणि दार उघडे असले तरी दृष्टी आत जाऊ देऊ नये, असा त्या लोकांचा पिढीजात आचार. रिफ्काच्या नवऱ्याने, बाखूमने, तो आचार आयुष्यात एकदाच मोडला. त्याने प्रत्येक मजल्याचे दार वाजविले आणि मान खाली घालून एवढेच म्हटले, "काच वेगळी ठेवा हो. माझ्या बायकोचा हात चिरला."

दारे मिटली. बहुतेक घरे ते बोलणे विसरूनही गेली. परंतु दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्याच्या पिशवीवर एक पुडके ठेवलेले मिळाले. आत पांढऱ्या मऊ सुताच्या पट्ट्या होत्या; कडा दुमडून, बारीक टाक्यांनी शिवलेल्या. त्याच पट्ट्या रिफ्काच्या हाताला बांधल्या गेल्या. आणि तेव्हापासून त्या घरातील फुटका पेला असो की बरणीचे तुकडे, कापडात गुंडाळून, वरून लाल दोऱ्याने बांधूनच येऊ लागले. पिशवीची गाठही अशी सुबक, की एक टोक ओढले की ती सगळी आपण होऊन सुटावी.

त्या घरातील कोणाचेही मुख रिफ्काने कधी पाहिले नव्हते. विवाहानंतर ती त्या भागात गेलीच नव्हती. तरीही चौथ्या मजल्यावर आपली एक थोरली बहीण राहते, अशी तिच्या मनाने खूणगाठ बांधली. ती बहीण शिवणकाम करते, हे चिंध्यांवरून उघड होते. ती चहा फार पिते. शिळी भाकर ती कधी कचऱ्यात मिसळीत नाही. स्वच्छ पिशवीत घालून निराळी ठेवते. काचेभोवती आलेले ते निळ्या रेघांचे, करड्या चौकड्यांचे तुकडे रिफ्काने धुऊन जपले होते, आणि फुरसतीने जोडून त्यांचे एक गोधडीसारखे वस्त्र केले होते.

तिची थोरली जाऊ शफीका समोर बसून निवडीत असे. तिच्या जिभेला धार होती, पण मन लोण्याचे होते.

"आली बघ तुझी मैत्रीण," लाल दोरा दिसला की ती म्हणे. "आम्हाला कोणी चिंधी पाठवत नाही. आमचे हात काय लाकडाचे?"

"तुमचा हात कापायला काचेलाच भीती वाटते, जाऊबाई," रिफ्का उत्तर देई.

अशी वर्षे गेली. वीसाला मिसरूड फुटले.

आणि मग एके दिवशी ती गाठ निराळी आली. आवळून मारलेली, वेडीवाकडी गाठ. रिफ्काने ती कात्रीने कापली. पुढे एका पिशवीत फुटकी बशी उघडीच सापडली. त्यानंतर आली ती पिशवी मात्र तिने मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. आत जाड भिंगांचा चष्मा होता. टाचेशी झिजलेल्या सपाता होत्या. गोळ्यांची पाकिटे होती, अर्धी भरलेली. आणि केराच्या गुंत्यात, शिंप्याच्या बोटात असते तसे पितळी अंगुस्तान होते, टोपी नसलेले, टोचून टोचून खड्डे पडलेले.

शफीकाने मान लांब करून पाहिले. या कामात जन्म गेलेल्या स्त्रीला त्या वस्तूंचा अर्थ सांगावा लागत नाही. आजार बरा झाला तर गोळ्या संपलेल्या असतात. अर्ध्यावर राहिलेल्या गोळ्या, चष्मा आणि सपाता एकाच पिशवीतून आल्या, म्हणजे त्या घरातून कोणी उठून गेले.

"देव तिला विसावा देवो," शफीका हळूच म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

रिफ्काने अंगुस्तान बोटात घालून पाहिले. ते अंगठ्यातसुद्धा सैल होत होते. केवढे मोठे हात होते माझ्या बहिणीचे, असे तिच्या मनात आले, आणि तिला रडू कोसळले.

दुसऱ्या दिवशी बाखूमने पहारेकऱ्याला विचारले. इद्रीस त्याचे नाव. न्युबियाकडचा, वृद्ध, मितभाषी.

"काय म्हणाला?" रिफ्काने गाडी रिती होण्याचीही वाट पाहिली नाही.

"चौथ्या मजल्यावर मयत झाली म्हणाला. बरेच दिवस झाले. या गुरुवारी चाळिसावा दिवस आहे."

"आणि नाव?"

"नाव कसं विचारू? परक्या घरच्या बाईचं नाव मी पहारेकऱ्याला विचारायचं? तोच मला विचारेल, तुला रे काय करायचंय?"

"अहो, नावाशिवाय शुरैक वाटायची कशी?"

त्या देशात मृताच्या नावाने शुरैक नावाची गोडसर, तिळाची भाकर वाटतात. मुसलमान वाटतात, ख्रिस्ती वाटतात. देणारा मृताचे नाव घेतो, घेणारा त्या नावावर दया मागतो. नावाविना दिलेली ती भाकर मुकीच. रिफ्काने बुधवारी पीठ भिजविले. कणीक मळताना तिची उभी करंगळी पिठात वेगळीच रेघ ओढीत होती.

"मी स्वतः जाऊन देणार," ती म्हणाली. "त्या घरी. नाव तिथंच कळेल. मग उरलेली आपल्या गल्लीत वाटेन."

शफीका तीळ निवडीत होती. तिचा हात थांबला.

"रिफ्का, एक बोलू? रागावू नकोस. ज्या हातांनी त्यांचा कचरा निवडतेस, त्या हातांची भाकर ते खातील का गं? दारात घेतील, तोंडावर गोड बोलतील. आणि परवा तीच भाकर पिशवीतून परत आपल्याच ढिगावर येईल. मग तू काय करशील?"

रिफ्काचे मळणे थांबले. हीच शंका तिलाही होती. तिने ती कणकेत दाबून ठेवली होती, एवढेच. इतक्या वर्षांत त्या घरातून जे जे आले, ते तिच्या हाताला जपत आले. आता तिच्या हातातून काही प्रथमच त्या घराकडे जाणार होते. ते परत आले, तर मागील सर्व पुडकी तिला निव्वळ भीक वाटू लागतील, हे तिला कळत होते.

"आली तर आली," ती शेवटी म्हणाली. "डुकरांना नाही घालणार. मी खाईन."

गुरुवारी तिने लिंबाने आणि साबणाने हात कोपरापर्यंत घासले. कधीकाळी त्याच इमारतीच्या कचऱ्यातून आलेली, कडेला किंचित टवका उडालेली चिनी मातीची थाळी घरात सणाला निघत असे. तिच्यात शुरैक रचली, आणि वर ते चिंध्यांचे वस्त्र पांघरले. बाखूमने अंघोळ करून स्वच्छ अंगरखा घातला होता.

"पुढच्या दारानं जायचं का?" इमारतीपाशी पोचल्यावर त्याने अडखळत विचारले.

"नको. ती माझी मागच्या दाराची ओळख."

"मी खाली थांबतो."

"खाली थांबा, आणि वर बघू नका," रिफ्का म्हणाली. त्यावर दोघांनाही जरा हसू आले, आणि तिचे पाय हलके झाले.

लोखंडी जिना गोल गोल वर जात होता. प्रत्येक उंबऱ्यावर लसणाचा, तळणाचा, साबणाचा निराळा वास. याच पायऱ्यांवरून आपला नवरा खाली मान घालून चढत आला, हा विचार तिच्या मनात प्रथमच आला. चौथ्या मजल्यावर तिने क्षणभर श्वास घेतला आणि दार वाजविले.

दार उघडले ते काळ्या वस्त्रातील एका कृश वृद्धेने. डोळ्यांवर दुधासारखी साय आलेली. ती आवाजाच्या दिशेने पाहत होती.

"कोण गं?"

"मी रिफ्का, हाग्गा. बाखूमची बायको. तुमचा कचरा नेतो तो बाखूम." वडीलधाऱ्या स्त्रीला मानाने लावायचे 'हाग्गा' हे संबोधन जोडून तिने पाठ केलेली वाक्ये घाईघाईने म्हटली. "तुमच्या घरच्या बाई गेल्या, त्यांच्या आत्म्यासाठी शुरैक आणली आहे. नाव माहीत नाही. नाव सांगा, म्हणजे नाव घेऊन देते."

"कुठल्या बाई?"

"चौथ्या मजल्यावरच्या."

वृद्धेने मान तिरकी केली. "पोरी, चौथ्या मजल्यावर बाई एकच. गेली पन्नास वर्षं. ती तुझ्यापुढे उभी आहे, आणि तिचे गुडघे दुखतायत. आत ये."

रिफ्काच्या हातातील थाळी कलली. बहीण जिवंत होती! आणि त्याच क्षणी लाजेने तिचे कान तापले. जिवंत माणसाच्या दारी आपण त्याच्याच चाळिसाव्याची भाकर घेऊन आलो!

"देवा रे! माफ करा, हाग्गा. मला वाटलं... गाठ बदलली, चष्मा आला, गोळ्या आल्या. मला वाटलं तुम्हीच गेलात."

"मी?" वृद्धेच्या कोरड्या ओठांवर कितीतरी दिवसांनी आल्यासारखे हसू आले. "माझ्या मेल्याची खबर कचरेवाल्यांना आधी! इज्राईलला तरी कळवलंत का?" मृत्यूच्या देवदूताचे नाव तिने शेजाऱ्याचे घ्यावे तसे घेतले. मग ते हसू विरले. "मेलं आहे, बाई. घरात मेलं आहे कोणी. बस इथं."

बसता बसता तिचा हात थाळीवरील वस्त्रावर पडला, आणि तेथेच राहिला. दृष्टी गेलेल्यांची बोटे वाचतात, तशी तिची बोटे एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकू लागली.

"ही जाड रेघेची पॉपलिन. ही न्यायाधीशसाहेबांच्या सदऱ्याची. आणि हे मऊ... हे आमच्या जावयाच्या लग्नातलं." ती थांबली. "हे कापड तुझ्याकडे कुठून आलं?"

"तुम्हीच पाठवत होता ना. काचेला गुंडाळून. लाल दोऱ्यानं बांधून."

वृद्धेने, इनायात तिचे नाव, भिंतीकडे तोंड फिरविले. भिंतीशी एक जुने शिवणयंत्र पांढऱ्या चादरीखाली झाकलेले होते.

"मी नाही गं," ती म्हणाली. "तो. माझा फहमी. सदरे शिवायचा. दुकान गेलं, तेव्हापासून याच टेबलावर कापड बेतायचा. तुझ्या नवऱ्यानं दार वाजवलं ना, तेव्हा कात्री हातात घेऊन इथंच उभा होता. रात्री जेवला नाही. म्हणाला, कारागिराचा हात गेला म्हणजे माणूस गेला. दुसऱ्या दिवसापासून कचऱ्याची पिशवी त्यानं मला बांधू दिली नाही. म्हणायचा, इनायात, तुझी गाठ सोडायला दात लागतात. जिन्याखाली एका बाईचा हात आहे."

रिफ्काला एकाएकी ते सैल अंगुस्तान आठवले. तिने ओढणीच्या गाठीतून ते काढले आणि वृद्धेच्या तळव्यावर ठेवले.

इनायातने ते ओळखले. तिने मूठ मिटली आणि ती मूठ छातीशी धरली. "सून केर काढून गेली त्या दिवशी गेलं. पलंगाखाली हात घालघालून शोधलं मी. कोणाला सांगितलं नाही. एका अंगुस्तानासाठी रडते म्हातारी, म्हणतील."

"माझ्याकडे होतं. मी त्याला निवडलं नाही, पितळेत टाकलं नाही."

"शेवटी शेवटी त्याचे हात थरथरायचे," इनायात सांगू लागली. "सुईत दोरा जायचा नाही. पण पुडकं तोच बांधायचा. आणि दर वेळी विचारायचा, त्या बाईचा हात बरा झाला असेल का गं? मी म्हणायची, विचार ना तिच्या नवऱ्याला. म्हणायचा, तो वर बघत नाही, मी हाक कशी मारू? दोघंही लाजाळू. इतकी वर्षं एक दार, आणि दोन्हीकडे लाजाळू माणसं."

रिफ्का उठली आणि वृद्धेसमोर जमिनीवर बसली. तिने आपला उजवा हात उताणा करून तिच्या मांडीवर ठेवला.

"बघा, हाग्गा. बरा झाला."

इनायातची सुरकुतलेली बोटे मनगटापाशी सुरू झाली आणि त्या व्रणावरून सावकाश, शिवण तपासावी तशी, करंगळीच्या मुळाशी जाऊन थांबली. तिने करंगळी धरून हलकेच वाकवून पाहिली. ती वाकली नाही.

"ही एवढी राहिली."

"ती चहाचा पेला धरताना शोभते," रिफ्का म्हणाली. "जाऊबाई म्हणतात, उमरावीण दिसतेस."

दोघी हसल्या, आणि दोघींचे डोळे वाहत होते.

"शुक्रवारी कबरीवर जाते मी," इनायात म्हणाली. "सांगेन त्याला. बरा झालाय म्हणून. आता नाव घे, आणि दे ती भाकर. भूक लागलीय मला."

ज्या क्षणाची धास्ती रिफ्काने डोंगरावरून येथवर वाहून आणली होती, तो क्षण हाच. तिने वस्त्र बाजूला केले, एक शुरैक उजव्या हाताने उचलली आणि म्हणाली, "उस्ताद फहमींच्या आत्म्यासाठी."

इनायातने ती दोन्ही हातांनी घेतली, चुंबिली आणि कपाळाला लावली. "देव त्याच्यावर दया करो," ती म्हणाली, आणि तेथेच एक घास मोडून तोंडात घातला. दात थोडे होते. ती बराच वेळ चावीत राहिली. मग हात पुढे केला. "आणखी एक दे. संध्याकाळी मुलं येतील, ती मला काही ठेवायची नाहीत."

खाली बाखूम भिंतीला टेकून उभा होता. जिन्यावर पावले वाजली तरी त्याने मान वर केली नाही. रिफ्का त्याच्यापाशी आली, तिने त्याच्या हनुवटीला बोट लावून त्याचे तोंड वर फिरविले. चौथ्या मजल्याच्या कठड्याशी काळ्या वस्त्रातील एक आकृती उभी होती. दिसत नसूनही खाली पाहत होती.

"सलाम करा," रिफ्का म्हणाली. "तिथं माणसं राहतात."

बाखूमने हात कपाळाला लावला. "थाळी कुठं आहे?" त्याने वाटेत विचारले.

"वरच राहिली."

"सणाची थाळी!"

"राहू द्या."

त्या संध्याकाळी उरलेली शुरैक गल्लीत फिरली, आणि घरोघर फहमी शिंप्याचे नाव घेतले गेले. शफीकाने आपला वाटा घेतला, दया मागितली, आणि मग कमरेवर हात ठेवला.

"म्हणजे पुरुष निघाला तर! मैत्रीण, मैत्रीण म्हणत होतीस. ऐकलंत का, बाखूम भावजी? तुमची बायको इतकी वर्षं परक्या पुरुषाच्या दोऱ्यात गुंतली होती."

"मीच तर तो दोरा रोज वाहून आणत होतो," बाखूम म्हणाला. "आता कोणाकडे तक्रार करू?"

पुढे काही दिवसांनी, सकाळची गाडी रिती होत असताना, त्याने एक गाठोडे ढिगावर न टाकता हातानेच रिफ्काच्या मांडीवर ठेवले. जुन्या चादरीत गुंडाळलेले, जड, गोल काहीतरी. आणि त्याच्याभोवती लाल दोरा. तो दोरा एवढ्या वेळा फिरविलेला आणि एवढ्या गाठी मारलेल्या, की आतील वस्तू बंदिवान वाटावी.

"सांभाळून," शफीका म्हणाली. "काच असेल."

रिफ्काने टोक शोधले. एकही टोक ओढून सुटत नव्हते. नखे लावून पाहिली, नखे हरली. कात्री शेजारीच पडली होती. शफीकाने ती पुढेही केली. पण रिफ्काने मान हलविली, गाठोडे उचलून तोंडाशी नेले, आणि ती गाठ दातांनी सोडवू लागली.

आत तिची थाळी होती. धुऊन लख्ख, अभंग. कडेचा जुना टवका तेवढा तसाच. रिकामी पाठवू नये म्हणून तिच्यात खजूर भरले होते, आणि फटीफटींतून साखरेचे खडे.

"तोंडात दोरा राहिलाय तुझ्या," शफीका म्हणाली, आणि तिने हात लांबवून एक खजूर उचलला.